बांध न सरकवता मोजणी

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलताना फलकावर काढलेल्या आकृत्या इथे शब्दांत सांगितल्या आहेत.)



माझ्या मागच्या फलकावर सरांचं पूर्ण नाव लिहिलंय. पण या गावात ते नाव घेऊन त्यांना कोणी कधी हाक मारली नाही. सर म्हटलं की एकच. तेव्हा मीही सरच म्हणेन.

आम्ही आठवीत असताना त्यांनी आम्हाला लोहकिसाचा प्रयोग दाखवला होता. किसासाठी शाळेच्या बजेटमध्ये पैसे नव्हते. ते स्वतः ग्रिल बनवणाऱ्याच्या दुकानात जाऊन ग्राइंडरखालची धूळ पुडीत बांधून आणायचे. मेणबत्ती वितळवून कागदाला मेणाचा हात द्यायचा, खाली पट्टीचुंबक ठेवायचा, वरून कीस भुरभुरायचा, कागदाला टिचकी मारायची आणि मग चिमणीची ऊब दाखवायची. मेण किंचित वितळतं, थंड झालं की कीस जागच्या जागी अडकतो. तसा एक कागद मी आज सोबत आणलाय. तो सरांनीच केलेला आहे.

त्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘काय दिसतं?’’ मी हुशारीनं म्हटलं, ‘‘चुंबकीय बलरेषा.’’ सर म्हणाले, ‘‘कुठायत? मला तर नुसता कीस दिसतोय.’’ वर्ग हसला. मला राग आला. पुढची तीस-पस्तीस वर्षं मी जे काम केलं त्यात हा प्रश्न काही माझा पिच्छा सोडेना. किसाचा प्रत्येक कण त्या क्षेत्रात गेला की स्वतःच चिमुकला चुंबक होतो. शेजारच्याला चिकटतो, त्याला ओढतो, लांबट साखळी करतो. म्हणजे आपण बघतो ती चुंबकाची तसबीर नसते. चुंबक आणि कीस या दोघांत जी देवघेव झाली तिची ती नोंद असते. त्यातलं चुंबकाचं किती आणि किसाचं किती, हे वेगळं काढायचं कसं? आजचा विषय, म्हणजे नॅनोमीटरच्या मापावर चुंबकत्वाची चित्रं काढणं, हा माझ्या मते याच प्रश्नाचा इतिहास आहे.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सत्तर-ऐंशी हजार नॅनोमीटर जाड असतो. लोखंडात शेजारशेजारच्या दोन अणूंमधलं अंतर साधारण पाव नॅनोमीटर. हे आकडे मी पुन्हा सांगणार नाही, पण लक्षात असू द्या.

आता एक साधी शंका. खिळा लोखंडाचा, त्यातला जवळजवळ प्रत्येक अणू म्हणजे एक छोटा चुंबक, आणि शेजारशेजारचे अणू एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात हेही ठाऊक आहे. मग बाजारातून आणलेला खिळा दुसऱ्या खिळ्याला उचलत का नाही? १९०७मध्ये पिएर वाइस या फ्रेंच शास्त्रज्ञानं याचं उत्तर सुचवलं: लोखंड आतून तुकड्यांत वाटलेलं असतं. एका तुकड्यातले सगळे अणू एका दिशेला, पलीकडच्या तुकड्यातले दुसऱ्या दिशेला, आणि सगळ्यांची बेरीज शून्याच्या आसपास. पुस्तकात या तुकड्यांना डोमेन म्हणतात आणि दोन डोमेनमधल्या सीमेला डोमेन-भिंत. मला भिंत हा शब्द कधी पटला नाही. भिंत हलत नाही. ही सीमा हलते. आपल्याकडे त्याला चांगला शब्द आहे: बांध. दोन शेतांमधला बांध. लोखंडात हा बांध साधारण चाळीस नॅनोमीटर रुंदीचा असतो आणि त्या रुंदीत अणूंची दिशा हळूहळू फिरत एका शेताची दुसऱ्या शेताची होते. आणि बांध सरकतो कसा, हे या सभागृहात मी कोणाला समजावून सांगायची गरज नसावी. दरवर्षी नांगरताना एक तास जास्त घेतलं की झालं.

वाइसनं बांध पाहिले नव्हते, तर्कानं ओळखले होते. १९१९मध्ये जर्मनीत हाइनरिश बार्कहाउझेननं ते ऐकले. लोखंडाभोवती तारेचं वेटोळं, त्याला ध्वनिवर्धक जोडलेला, आणि जवळून चुंबक हळूहळू नेला की खरखर. बांध एकसारखे सरकत नाहीत, अडतात आणि मग एकदम सुटतात, त्याचा तो आवाज. आणि १९३१मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस बिटरनं ते दाखवले. त्यानं केलं काय? सरांचाच प्रयोग! फक्त कीस अतिशय बारीक घेतला, द्रवात कालवला, घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या लोखंडावर सोडला आणि वरून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. बांधाबांधावर कीस गोळा झालेला दिसला, कारण चुंबकीय क्षेत्र तिथंच बाहेर डोकावतं.

प्रकाशानं बघायची रीत त्याच्याही आधीची. चुंबकावरून परावर्तित होताना प्रकाशाचं ध्रुवीकरण किंचित वळतं हे जॉन केरनं १८७७मध्ये शोधलं होतं, आणि ती पद्धत आजही रोज वापरली जाते. पण दृश्य प्रकाशाची तरंगलांबी चारशे ते सातशे नॅनोमीटर. त्याच्या अर्ध्याहून बारीक तपशील साध्या भिंगातून सुटा दिसत नाही. चाळीस नॅनोमीटरचा बांध त्यात कुठं शोधणार? दाभणानं मोती ओवण्यासारखंच ते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांची वाट वेगळी आणि मोठी आहे. तिकडे मी आज जात नाही.

प्रकाश नको तर मग काय? जवळ जायचं. आणि इथं मला अलिबाग आठवतं.

मुंबईत कुलाब्याला वेधशाळा होती, तिथं १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. विसाव्या शतकाच्या तोंडावर मुंबईत विजेच्या ट्रामचा बेत शिजू लागला. ट्रामच्या तारांतून वीज वाहणार, रुळांतून परतणार, आणि त्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या सुयांना नाचवणार. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी खाडीपलीकडे अलिबाग निवडलं. १९०४मध्ये तिथं काम सुरू झालं. इमारतीत लोखंड वापरलं नाही. दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. १९०७मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली तेव्हा सुया सुरक्षित होत्या. मोजमापाच्या संस्कृतीचा इतका सुंदर नमुना आपल्याकडे आहे आणि आपण अलिबागला जातो ते किल्ला बघायला आणि मासे खायला. असो.

अलिबागच्या लोकांनी लोखंडापासून लांब पळून काम साधलं. आम्हाला उलट करायचं आहे, कारण आम्हाला एकेका अणूची कुजबुज ऐकायची आहे. चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनानं घटतं. अंतर दुप्पट, क्षेत्र एक-अष्टमांश. एका इलेक्ट्रॉनपासून दहा नॅनोमीटरवर क्षेत्र असतं सुमारे दोन मायक्रोटेस्ला. पृथ्वीचं आपल्याकडचं क्षेत्र साधारण चाळीस मायक्रोटेस्ला, म्हणजे हे त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढं. मोजण्याजोगं आहे! पण शंभर नॅनोमीटरवर गेलात की तेच हजारपट कमी. एक सेंटिमीटरवर तर आकड्यामागं किती शून्यं लावायची ते विचारूच नका. म्हणून कितीही संवेदनशील यंत्र लांब ठेवून काही उपयोग नाही. जवळ गेलंच पाहिजे, आणि जवळ जाणारी वस्तू लहान असली पाहिजे.

जवळ जायची विद्या १९८१च्या सुमारास झुरिकजवळ र्‍युश्लिकोनच्या आयबीएम प्रयोगशाळेत जन्मली. गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोरर. अतिशय टोकदार सुई धातूच्या पृष्ठभागापासून एक नॅनोमीटरहूनही कमी अंतरावर आणायची. टेकवायची नाही. मधली फट ओलांडून इलेक्ट्रॉन झिरपतात, आणि अंतर एक-दशांश नॅनोमीटरनं कमी झालं की हा प्रवाह सुमारे दहापट वाढतो. प्रवाह कायम राहील अशी सुई वरखाली करत ओळीओळीनं फिरवायची की पृष्ठभागाचे चढउतार अणूच्या मापानं कागदावर येतात. आंधळा माणूस काठीनं पायऱ्या ओळखतो तसं. दोघांना १९८६चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी बिनिगनं कॅल्विन क्वेट आणि क्रिस्टोफ गेर्बर यांच्यासोबत याची धाकटी बहीण आणली. तिला विजेच्या प्रवाहाची गरज नव्हती. लवचीक पट्टीच्या टोकाला सुई, आणि पृष्ठभागानं सुईला ओढलं की पट्टी वाकते. पहिल्या यंत्रात पट्टी सोन्याच्या पत्र्याची होती आणि टोकाला हिऱ्याचा कण चिकटवला होता. हा हिरा पुन्हा भेटणार आहे.

आता ही सुईच चुंबकाची केली तर? १९८७मध्ये अमेरिकेतल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत इव्ह मार्टिन आणि कुमार विक्रमसिंघे यांनी ते केलं. त्यातून आलेलं यंत्र म्हणजे मॅग्नेटिक फोर्स मायक्रोस्कोप, आमच्या भाषेत एमएफएम. माझी उमेदीची वर्षं या यंत्राच्या शेजारी गेली. काम असं चालतं: एक ओळ सुई पृष्ठभागाला ठोके देत जाते आणि खाचखळगे लिहून घेते. मग तीच ओळ दुसऱ्यांदा, पण पंचवीस-पन्नास नॅनोमीटर उंचीवरून, त्याच खाचखळग्यांची नक्कल करत. जवळचे बाकीचे जोर त्या उंचीवर विरून गेलेले असतात, चुंबकाचा तेवढा उरतो. त्यानं पट्टीच्या कंपनाचा ठेका किंचित बदलतो. तोच रंगवला की चित्र. हार्ड डिस्कचा तुकडा याखाली ठेवला की काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या रांगा दिसतात, एकेक पट्टी म्हणजे एक चुंबकीय सही. पहिल्यांदा ते पडद्यावर ओळीओळीनं उतरताना मी पाहिलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि सांगायला शेजारी कोणी नव्हतं. वॉचमनला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘घोंगडीसारखं दिसतंय.’’ बरोबर होतं त्याचं.

या विषयाची पेपरात छापून येणारी निळीतांबडी चित्रं बघता ना, ते रंग आम्ही भरलेले असतात. मोजलेला असतो फक्त एक आकडा, प्रत्येक ठिपक्यापाशी.

एकदा मी परमलॉयची पातळ फीत तपासत होते. निकेल आणि लोखंडाचा हा मिश्रधातू चुंबकाच्या बाबतीत फार मऊ, म्हणजे त्यातले बांध जराशा जोरानं सरकतात. डावीकडून उजवीकडे स्कॅन केला तर बांध एका जागी. उजवीकडून डावीकडे केला तर तो दुसऱ्या जागी, चांगला दीडशे नॅनोमीटर अलीकडे. मी आठवडाभर यंत्रात दोष शोधत होते. टेबलाखाली स्प्रिंगा बदलल्या, एसी बंद केला, सॅम्पल पुन्हा चिकटवलं. मग एका संध्याकाळी सरांचा आवाज कानात आला: मला तर कीस दिसतोय. सुईवरचा कोबाल्टचा लेप बांधाला सोबत ओढत नेत होता! मोजणीला आलेल्या माणसानंच बांध सरकवला होता, आणि मी सरकवलेल्या जागेचा सातबारा लिहून घेत बसले होते.

यावर उपाय होते. लेप पातळ करा, उंची वाढवा. पण लेप पातळ केला की संकेत मरतो आणि उंची वाढवली की चित्र धूसर होतं. शिवाय एमएफएमची दुसरी अडचण त्याहून खोल. तो चुंबकत्व बघतच नाही. चुंबकाबाहेर सांडलेलं क्षेत्र किती वेगानं बदलतं, तेवढं बघतो. बाहेर सारखंच क्षेत्र देणाऱ्या आतल्या मांडण्या अनेक असू शकतात, त्यामुळं बाहेरून आत काय आहे हे ठामपणे सांगता येत नाही. आणि जिथं शेजारचे अणू एकआड एक उलट तोंडं करून उभे असतात, त्या अँटिफेरोमॅग्नेटमध्ये बाहेर जवळजवळ काहीच सांडत नाही. एमएफएमला ते शेत ओसाड दिसतं. पीक उभं असून.

ते पीक पहिल्यांदा दिसलं ते वेगळ्या सुईला. १९९०मध्ये रोलांड वीझेनडांगर आणि सहकाऱ्यांनी बिनिग-रोररच्या यंत्रात क्रोमियम डायऑक्साइडची सुई लावली आणि क्रोमियमचा पृष्ठभाग तपासला. क्रोमियम अँटिफेरोमॅग्नेट आहे. त्याच्या पृष्ठभागावर अणूच्या उंचीच्या पायऱ्या असतात, आणि एका पायरीवरचे अणू एका दिशेला तर पुढच्या पायरीवरचे उलट. सुईतून झिरपणाऱ्या इलेक्ट्रॉनला स्वतःचीही दिशा असते, तिला स्पिन म्हणतात. सुईची आणि खालच्या अणूंची दिशा जुळली तर प्रवाह जास्त, विरुद्ध असली तर कमी. आता गंमत बघा. सुई प्रवाह कायम ठेवायला वरखाली होते. प्रवाह जास्त झाला की तिला वाटतं आपण फार जवळ आलो, आणि ती वर सरकते. त्यामुळं सगळ्या पायऱ्या खरोखर सारख्याच, साधारण ०.१४ नॅनोमीटर उंचीच्या असूनही यंत्राला एक पायरी ०.१६ची दिसली, पुढची ०.१२ची, मग पुन्हा ०.१६. जिन्यावरून अंधारात उतरताना एकआड एक पायरी ठेंगणी लागावी तसं. ती दोन-शतांश नॅनोमीटरची लंगड म्हणजेच चुंबकत्व. मला या विषयातला कोणताही प्रयोग याच्याइतका देखणा वाटत नाही. त्यात रंगीत चित्र नाही, नुसता वाकडातिकडा जिना आहे.

पुढं वीझेनडांगर हाम्बुर्गला गेले आणि तिथल्या गटानं ही कला फार लांब नेली. २०००मध्ये मँगनीजच्या एकअणुजाड थरात एकआड एक अणूंची दिशा दाखवली. २०१३मध्ये तर स्किर्मियॉन नावाच्या, काही नॅनोमीटर रुंदीच्या चुंबकीय भोवऱ्यांना सुईच्या प्रवाहानं एकेक करून लिहिलं आणि पुसलं. मधल्या काळात, २०१२मध्ये, कॅलिफोर्नियातल्या आयबीएमच्या गटानं लोखंडाचे बारा अणू दोन रांगांत मांडून त्यांत एक बिट साठवला. सगळं खरं. पण यासाठी लागतं काय? निर्वात पोकळी, निरपेक्ष शून्यापेक्षा काही अंश वर एवढी थंडी, वीज वाहणारा आणि कमालीचा स्वच्छ पृष्ठभाग. सॅम्पल नाही, जावई आहे तो. बाहेरच्या हवेतली, पावसाळ्यातल्या मुंबईतली वस्तू या यंत्राला चालत नाही.

वाटेत आणखी दोन थांबे आहेत, धावतच सांगते. २००४मध्ये डॅनियल रूगर यांच्या गटानं अतिशय मऊ पट्टीवर चुंबक बसवून काचेत पुरलेला एकच इलेक्ट्रॉन स्पिन पकडला. एकेका ठिपक्याला तेरा तास लागत. इस्रायलमधल्या वाइझमन संस्थेत एली झेल्डोव यांच्या गटानं काचेची नळी ओढून तिच्या पन्नास नॅनोमीटरहून लहान टोकावर शिशाचं अतिवाहक वेटोळं बसवलं. हे वेटोळं नमुन्याला जवळजवळ ढकलतच नाही. मात्र तेही थंडीतच काम करतं.

आणि आता हिरा.

हिऱ्याच्या बाजारात खोट असली की भाव पडतो. भिंगातून एवढासा काळा ठिपका दिसला तरी दलाल मान हलवतो. आमच्या कामाचा हिरा म्हणजे नेमकी खोट असलेला. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची शिस्तबद्ध रचना. त्यातला एक अणू नसावा, जागा रिकामी असावी, आणि तिला लागून कार्बनऐवजी नायट्रोजनचा अणू बसलेला असावा. या जोडगोळीला एनव्ही केंद्र म्हणतात. हिरवा लेझर टाकला की हे केंद्र तांबडं चमकतं. १९९७मध्ये जर्मनीतल्या केम्निट्झच्या गटानं असं एकटं केंद्र पाहिलं आणि त्याचा स्पिनही वाचला. साध्या तापमानाला! एका खोटीची, एका इलेक्ट्रॉन-व्यवस्थेची चमक, टेबलावर.

हिऱ्याच्या चमकण्याचा विषय निघाला की मला अण्णा मणी आठवतात. १९४०च्या दशकात बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी तीसहून अधिक हिऱ्यांच्या चमकेचे वर्णपट घेतले. चमक इतकी मंद की एकेक छायाचित्रण पंधरा-वीस तास चालायचं, आणि त्या रात्री प्रयोगशाळेतच झोपायच्या. त्यांनी पाहिलेल्या हिऱ्यांतली चमक बहुतांशी निराळ्या खोटींची होती, एनव्हीशी तिचा थेट संबंध जोडू नका. १९४५मध्ये प्रबंध तयार झाला, एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. पुढं त्या पुण्याला हवामान खात्यात आल्या आणि देशाला लागणारी मापनयंत्रं देशात बनवायच्या कामाला लागल्या. पुण्यात आज विज्ञानाच्या कार्यक्रमांत त्यांचा उल्लेख मला फारसा ऐकू येत नाही, म्हणून इथं केला.

या खोटीला चुंबक कसा कळतो? खोटीतल्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनच्या तीन अवस्था असतात. लेझर त्यांना एका अवस्थेत आणून ठेवतो. त्या अवस्थेत चमक भरपूर. आता बाजूनं मायक्रोवेव्ह लहरी सोडायच्या. त्यांची वारंवारता २.८७ गिगाहर्ट्झ झाली (घरच्या मायक्रोवेव्ह ओव्हनची २.४५ असते, म्हणजे शेजारचीच) की स्पिन दुसऱ्या अवस्थेत उडी घेतो आणि चमक चांगली पाव-एक हिश्श्यानं मंदावते. रेडिओवर केंद्र लागतं तसं हे लागतं, फक्त लागलं की आवाज वाढायच्या ऐवजी उजेड कमी होतो. आणि आसपास चुंबकीय क्षेत्र असलं की हे केंद्र दुभंगतं: एकाची दोन होतात, एक वर सरकतं, एक खाली. दर मिलिटेस्लाला २८ मेगाहर्ट्झ. पृथ्वीच्या क्षेत्रानं साधारण एक मेगाहर्ट्झ. हा २८चा आकडा यंत्राच्या बनावटीवर अवलंबून नाही, तो निसर्गानं दिलेला आहे. एमएफएमची सुई प्रत्येक निराळी, सकाळी एक आणि झिजून संध्याकाळी एक. खोट मात्र बासेलमध्ये असो की पवईत, तोच आकडा सांगते.

२००८मध्ये स्टुटगार्ट आणि हार्वर्ड इथल्या दोन गटांनी या खोटीनं चुंबकीय क्षेत्र मोजता येतं हे दाखवलं. २०१२मध्ये पॅट्रिक मालेटिन्स्की आणि हार्वर्डमधल्या सहकाऱ्यांनी अखंड हिऱ्यातून एक बारीक खांब कोरला, त्याच्या टोकापाशी, पृष्ठभागाखाली काही नॅनोमीटरवर, खोट बसवली आणि तो खांब सुईसारखा फिरवला. काठीच्या टोकाला अलिबागची वेधशाळा बसवावी, एका अणूएवढी!

यातून काय दिसलं? २०१७मध्ये माँपेलिएच्या व्हँसाँ जाक यांच्या गटानं बिस्मथ फेराइट या अँटिफेरोमॅग्नेटवर ही सुई फिरवली. या पदार्थात अणूंच्या दिशा थोड्याथोड्या वळत जातात आणि सुमारे सत्तर नॅनोमीटरवर एक फेरा पूर्ण होतो. त्या फेऱ्यामुळं बाहेर अगदी इवलं क्षेत्र सांडतं. हवेत, साध्या तापमानाला, त्याचे नागमोडी वाफे चित्रात उतरले. ओसाड म्हणून सोडलेलं शेत ते हेच. दोन वर्षांनी बासेलला मालेटिन्स्कींच्या गटानं क्रोमियम आयोडाइडचे एक-दोन-तीन अणुथरांचे पापुद्रे मोजले. थर विषम असले तर चुंबक, सम असले तर जवळपास शून्य, कारण लागोपाठचे थर एकमेकांना खोडतात. थर इतका पातळ असला की बाहेरच्या क्षेत्रावरून आतलं चुंबकत्व गणितानं उलगडताही येतं, तेव्हा ‘दर चौरस नॅनोमीटरला इतकं’ असा आकडा हाती आला. चित्रावरून मोजमापावर आलो आपण.

मग सरांचा प्रश्न सुटला का? बराचसा. खोटीचं स्वतःचं चुंबकत्व एका-दोन इलेक्ट्रॉनांएवढं, ती कुठला बांध सरकवणार? पण लेझर नमुन्याला थोडं तापवतो, मायक्रोवेव्ह लहरी चुंबकाला हलवू शकतात. खोट पृष्ठभागाजवळ आणावी तर पृष्ठभागावरच्या इतर भटक्या स्पिनांचा गोंगाट तिला बधिर करतो, आणि खोल ठेवावी तर अंतराचा घन आडवा येतो. शिवाय तीव्र क्षेत्रात, खोटीच्या अक्षाला आडवं क्षेत्र आलं की चमकच विझते. तिथं माझा जुना एमएफएम अजून बरा. नव्या यंत्राची जाहिरात करणारे हे सांगत नाहीत. ‘क्वांटम’ हा शब्द लावला की आजकाल पापडही महाग विकला जाईल.

आपल्याकडेही हे काम सुरू झालंय. राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत सहा हजार कोटींहून थोडी जास्त तरतूद आहे आणि तिचं संवेदन व मापनाचं केंद्र आयआयटी मुंबईत आहे. हिऱ्यातल्या खोटींनी चिपमधले प्रवाह बघायचा प्रकल्प तिथं चालू आहे. तो सुई फिरवण्याचा नाही, एका वेळी सगळा पृष्ठभाग बघण्याचा आहे, पण खोट तीच. मला त्यात उत्सुकता आहे ती वेगळ्या गोष्टीची. तिचा नमुना मी टेबलावर ठेवलाय.

हा दगड सह्याद्रीतला, साधा काळा बेसाल्ट. या सभागृहाच्या पायऱ्याही त्याच्याच असाव्यात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या जातीच्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरली आणि सोडली नाही. १९५०च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी घाटांतले असे दगड तपासले. पश्चिम घाटातले बहुतेक थर उलटे निघाले, म्हणजे तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलट होते. दिशेच्या कलावरून हेही दिसलं की दख्खन तेव्हा विषुववृत्ताच्या बरंच दक्षिणेला होतं. हे सगळं अख्ख्या दगडाची बेरीज मोजून. पण आतले कण सगळे सारखे विश्वासू नसतात. मॅग्नेटाइटचा कण पंचवीस-तीस नॅनोमीटरहून लहान असला तर नुसत्या उष्णतेनं त्याची दिशा भटकत राहते, तो काही लक्षात ठेवत नाही. त्याहून थोडा मोठा, ऐंशीएक नॅनोमीटरपर्यंतचा, अब्जावधी वर्षं दिशा धरून बसतो. त्याहून मोठे झाले की आत भोवरे, मग बांध, आणि बांध आले की सरकणं आलं. एका दगडात हे तिन्ही मिसळलेले असतात. कुठला कण साक्षीदार आणि कुठला फितूर, हे एकेका कणाशी जाऊनच कळेल, आणि तिथं चुंबकाचा लेप दिलेली सुई नेऊन चालणार नाही.

दगडाशेजारी होकायंत्र ठेवलंय. चहाच्या वेळी मुलांनी इथं यावं आणि दगड हळूहळू जवळ आणून बघावं. सुई अंश-दोन अंश हलली तर ते नेहमीचं. जास्त वळली तर हा दगड माथ्यावरचा, वीज पडलेला असण्याची शक्यता आहे. विजेच्या प्रवाहानं त्याची जुनी नोंद पुसून नवी, जोरकस नोंद लिहिलेली असते. म्हणूनच घाटमाथ्यावर होकायंत्र घेऊन फिरणाऱ्यांना काही कातळांपाशी उत्तर दिशा भलतीकडेच सापडते. मी दगड उचलताना हे तपासलं नाही, मुद्दाम. आणि सरांचा कागद पहिल्या रांगेतून मागे फिरू द्या. कडेनं धरा, मेण जुनं झालंय, कीस सुटतो.